कुणाची हरकत नसल्यास

मांगेरे, ऑकलंड
मंगळवार, ४ मार्च

केलेपी,

कागदावर लिहितेय, कारण तुमच्या बेटाची समुद्राखालची इंटरनेट केबल तुटली आहे. नाहीतरी मेल करून काय दिवे लागत होते म्हणा! नोव्हेंबरपासून माझ्या एकाही मेलला तुझं उत्तर नाही. हा कागद मात्र पाद्रीबाई स्वतः तुझ्या हातात देणार आहेत, आणि त्यांच्यादेखत तुला तो न वाचता खिशात घालता यायचा नाही.

आधी खोक्याचं सांगते. कॉर्न्ड बीफचे डबे आहेत, आईच्या रुंद पायांना बसतील अशा सपाता आहेत (अख्खं दुकान पालथं घातलं), सिनीवासाठी शिलाईचे दोरे आणि पोरांना वह्या. वह्या देताना 'आत्याने पाठवल्यात' असं नीट सांग. 'ऑकलंडहून आल्यात' असं मोघम बोलू नकोस, मला तुझी सवय माहीत आहे.

आता मुद्द्याचं. तू का गेलास?

बारा वर्षं आपण दोघांनी तानोआचं मॅन्युअल सांभाळलं. फुकटचा डेटाबेस, फुकटचं मॅन्युअल, आपला पगारही फुकट, तरी कधी कुरकुर केली नाही. लोक प्रोग्राम लिहून मिरवायचे आणि आपण तो वापरायचा कसा ते लिहीत बसायचो. मजकूर बहुतेक तुझा, घासपूस माझी. आणि नोव्हेंबरमध्ये मी काय केलं? साफसफाई केली! मजकुराच्या आत दडलेल्या त्या खुणा, ते टॅग, बारा वर्षांत त्यांचा नुसता उकिरडा झाला होता. उघडलेले बंद नाहीत, बंद केलेले उघडलेच नव्हते, एकाच गोष्टीला तीन-तीन नावं. सगळं एका वळणावर आणलं. त्यापायी माझी अख्खी सुट्टी गेली.

नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या बदलांचा एक पॅच करून तो आपल्या सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर टाकला. खाली नेहमीचं वाक्य: 'फक्त खुणांची साफसफाई, मजकुरात बदल नाही. कुणाची हरकत नसल्यास पुढच्या आठवड्यात आत घेऊ.' हरकत कुणाचीच आली नाही. तुझीही नाही. पॅच आत गेला, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर लिस्टवरून तुझं नावच गायब! ना निरोप, ना कारण. ब्रिस्बेनहून बार्नबीने विचारलं, 'तुझ्या भावाचं काय बिनसलं?' मी काय सांगणार, कपाळ?

राग आला असेल तर तसं लिही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस.

लुपे

ता. क. एक किरकोळ शंका. धोक्याच्या इशाऱ्यांच्या चौकटींना तू टॅगांची दोन-दोन वेष्टनं का घालत होतास? बाहेरचं 'सावधान'चं ते कळलं. आतलं, तू स्वतःच बनवलेलं, कशासाठी होतं? वेबपानावर त्याने काडीचाही फरक पडत नव्हता. मी सगळीकडचं काढून टाकलं. उगाच विचारतेय.


मांगेरे
सोमवार, १० मार्च

केलेपी,

पाद्रीबाई पोचल्याचं त्यांच्या भाच्याकडून कळलं. म्हणजे माझं पत्र तुला मिळालंय. उत्तर पाठवायला एवढी माणसं इकडे येतात, एकाच्या हातात चिठ्ठी द्यायला तुझं काय जातं?

हे पत्र चर्चमधल्या एका मुलीबरोबर पाठवतेय. ती मधेच राजधानीत, नुकुअलोफात, आठवडाभर थांबणार आहे, त्यामुळे तुझ्यापर्यंत कधी पोचेल देव जाणे. तशी घाई नाही.

घाई नाही म्हणते, पण एक सांग. तू सांभाळतोस त्या दवाखान्याच्या मशीनवर, रुग्णांच्या नोंदी असतात त्यावर, तू तानोआची कुठली आवृत्ती घातली आहेस? फेब्रुवारीत नवी आली ती, की आधीची?

विचारण्याचं कारण असं, की काल लिस्टवर कुणा नावाड्याचं पत्र आलं. हा बाबा शिडाच्या बोटीवर राहतो, बोटीवर इंटरनेट नाही, त्यामुळे काळ्या पडद्यावरचं साधं मॅन्युअल वाचतो, प्रोग्रामसोबत येतं ते. विचारतो, 'तुमच्या धोक्याच्या सूचना गेल्या कुठे?' बार्नबीने त्याला लिहिलं की तुमच्याकडेच काहीतरी अर्धवट उतरलं असेल. मीही तेच म्हटलं. असतात अशी माणसं, स्वतः दार उघडायचं नाही आणि घरात कुणी नाही म्हणून ओरडायचं.

मी वेबपानं आधीची आणि नंतरची शेजारी शेजारी लावून तपासली होती, केलेपी. एका अक्षराचा फरक नव्हता. साधं मॅन्युअल नाही तपासलं. ते कोण वाचतं आता?

आवृत्ती तेवढी कळव. जेवण गोड लागत नाहीये, ते बहुतेक हवेमुळे असेल.

लुपे


मांगेरे
शुक्रवार, १४ मार्च

केलेपी,

हे आधी वाच, बाकीचं नंतर.

सोमवारी मशीन पुन्हा भरू नकोस. बॅकअप परत घालायचा हुकूम देऊ नकोस. आधी रोजनोंदीची फाइल उचलून दुसरीकडे ठेव. तो हुकूम ती फाइल पुसतो. बॅकअपनंतर नोंदलेलं सगळं त्या फाइलमध्ये असतं. ती गेली की गेली.

हे तुला मी शिकवतेय! त्या प्रकरणातला तो इशारा तूच लिहिलेला आहेस. पण केलेपी, आता तो तिथे नाहीये. मीच घालवला.

काल तपासलं. नावाडी खरं बोलत होता. साधं मॅन्युअल बनवणारा तो जुनाट प्रोग्राम 'सावधान'चं वेष्टन ओळखतच नाही, आतल्या मजकुरासकट गिळून टाकतो. म्हणून तू आत दुसरं वेष्टन घातलंस, म्हणजे त्याला निदान साधा मजकूर म्हणून ते छापावं लागेल. इतकं साधं होतं ते. मी ते कचरा म्हणून काढलं आणि अख्ख्या साध्या मॅन्युअलमधून एकूण एक इशारा नाहीसा झाला. मागे रिकामी जागासुद्धा राहिली नाही. वरची ओळ आणि खालची ओळ अशा चिकटल्यात, की मधे काही होतं असा संशयही येऊ नये.

बार्नबीला फोन केला. तो झोपेतून उठल्यासारखा म्हणाला, "अगं पण पॅच चार महिने सगळ्यांसमोर होता. कुणीच हरकत घेतली नाही."

"वाचला होतास का तू?"

"तूच लिहिलं होतंस ना, मजकुरात बदल नाही म्हणून. मग वाचायचं कशाला? असले पॅच कोण वाचतं, लुपे?"

खरंच आहे. मीही इतरांचे वाचत नाही.

सुधारलेली आवृत्ती काल संध्याकाळीच टाकली. जगाला मिळेल. तुला कशी मिळणार? तुझी केबल तुटलीय.

आता मी बुधवारचं सांगते. सांगायची लाज वाटते. सिनीवाचा फोन आला होता, पोस्टाबाहेरच्या सॅटेलाइट फोनवरून, मागे रांग कुरकुरत होती. म्हणाली, वादळात वीज गेली, दवाखान्याचं मशीन बसलं. जनरेटरचा सुटा भाग शनिवारी सकाळच्या बोटीने येतोय. रविवारी कामाला हात लावायचा नाही, म्हणून केलेपी सोमवारी सकाळी बॅकअप घालून सगळं पुन्हा उभं करणार. नवी आवृत्ती त्याने केबल तुटायच्या आदल्याच आठवड्यात घातली होती. आणि आईचं इन्शुलिन बरंच कमी केलंय, साखर फार खाली जात होती म्हणून. महिन्याच्या सुरुवातीलाच केलं. बॅकअप फेब्रुवारीतला.

हे सगळं ती मला एका दमात सांगत होती आणि माझ्या डोक्यात तो नावाडी घोळत होता. तेव्हाच म्हणायला हवं होतं, 'सिनीवा, त्याला सांग, थांब.' नाही म्हटलं. नक्की माहीत नव्हतं, आणि नक्की माहीत नसताना कबूल करायचा माझा स्वभाव नाही. त्याऐवजी मी काय विचारलं माहीत आहे? 'तो लिस्ट सोडून का गेला?'

ती हसली. म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नाही? तुमच्या कामात चूक आहे असं त्याने जगासमोर लिहायचं? तुम्ही त्याची मोठी बहीण, माझ्या पोरांची आत्या. त्यांच्या लग्नात तुमची परवानगी लागणार. तुम्ही खोलीत आलात की बहिणीचा मान म्हणून तो टीव्ही बंद करून बाहेर जातो. जन्मात कधी तुम्हाला 'नाही' म्हणालाय?"

मी भडकले. म्हटलं, "लिस्टवर कसली बहीण आणि कसली आत्या! तिथे सगळे सारखे!"

"तुमच्यासाठी असतील," ती म्हणाली. "तो उत्तर लिहायला बसला होता. लिहायचा आणि पुसायचा. शेवटी म्हणाला, इथे राहून गप्प बसायचं, त्यापेक्षा इथून गेलेलं बरं."

मी तिला चांगलं फैलावर घेतलं. फोनची वेळ संपेपर्यंत तेच चाललं होतं. मशीनचा 'म' नाही, थांबचा 'थ' नाही. भांडण्यात घालवली मी ती मिनिटं!

कालपासून फोन लावतेय. एकदा लागला, कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणालं, मी ओरडले "केलेपीला सांगा," आणि बंद. नुकुअलोफातल्या चुलत्याकडे निरोप ठेवलाय. त्याचं वय बघता त्याने तो कुणाला सांगितला असेल कोण जाणे.

हे पत्र आपल्या बेटावरचा मोसेसे घेऊन येतोय. उद्या सकाळच्या विमानाने निघतो, दुपारच्या छोट्या विमानात जागा आहे म्हणतो. त्याला मी बजावलंय की आधी केलेपीचं दार, मग स्वतःच्या आईचं. तो म्हणाला, "एवढं काय आहे त्यात, लुपे?"

काय सांगू त्याला?

केलेपी, थांब. एवढंच. सोमवारी थांब.

लुपे


मांगेरे
रविवार, १६ मार्च

केलेपी,

हे पत्र पाठवायला कुणी नाही, तरी लिहितेय. नुसतं बसवत नाही.

मोसेसेचा काल दुपारी मेसेज आला. नुकुअलोफाला पोचलाय. वाऱ्यामुळे छोटं विमान सुटलं नाही. आज रविवार, आज तिकडे काहीच उडत नाही, बोट नाही, काही नाही. उद्या सकाळचं विमान कालच्या माणसांनी भरलंय. त्याने काउंटरवरच्या बाईला सांगून पाहिलं की महत्त्वाचं पत्र आहे. ती म्हणाली, आज सगळ्यांचंच महत्त्वाचं आहे, तिघं मयताला चाललेत.

सकाळी चर्चला गेले. कॉयरमध्ये माझी जागा चुकली, शेजारणीने कोपर मारलं. मी आपली देवाशी सौदा करत होते, घरी येऊन जेवायला बसले तरी तेच. म्हटलं, त्याचं मशीनच सुरू होऊ देऊ नकोस. जनरेटर बिघडलेला राहू दे. मग लक्षात आलं, दवाखान्याचा जनरेटर बिघडलेला राहू दे अशी प्रार्थना करतेय मी, तीही अळूच्या पानात शिजवलेल्या लूचं ताट समोर ठेवून! मग ते ताट तसंच शेजारी दिलं.

मनाची समजूत घालते, की तू तो इशारा लिहिलायस, तुला पानाची गरज काय? तू तर डोळे मिटून करशील. तास-दीड तास बरं वाटतं. मग तुझी सवय आठवते. तू कधीच आठवणीवर काम करत नाहीस. पान उघडतोस आणि पानाबरहुकूम करतोस, स्वतःच लिहिलेलं असलं तरी. आणि ते पान आता माझ्या हातचं आहे.

सिनीवा म्हणाली ते डोक्यातून जात नाही. मी रागावले, कारण ते खरं होतं. मी लिस्टवर लिहायचे 'कुणाची हरकत नसल्यास' आणि वाट बघायचे. तू गप्प राहिलास की मला वाटायचं, केलेपीचीही हरकत नाही, म्हणजे काम चोख आहे. बाकीच्यांच्या होकाराला मी फार किंमत दिली नाही कधी. तुझ्या गप्प बसण्यावर माझा सगळा भरवसा होता. आणि तू तर मला 'नाही' म्हणूच शकत नव्हतास! लहानपणी माझ्या पानात मासा आधी वाढायचे, तेव्हाही तू काही म्हणाला नाहीस. मला ते आवडायचं, हे आता लिहिते.

यापुढे मला नाही म्हण. मी मोठी आहे ना? मग माझा हुकूम समज. चुकले तर सगळ्यांसमोर सांग. मला वाईट वाटेल, तोंड पाडून बसेन, चार दिवस बोलणार नाही, पण सांग.

उद्या सोमवार. तिकडे तर इकडच्या आधीच उजाडतं, तेवढीही सवड नाही.

लुपे


बेटावरून
गुरुवार, २० मार्च

लुपे,

तुमची पत्रं मिळाली. पाद्रीबाईंनी दिलेलं पहिलं, आणि मोसेसेने परवा, मंगळवारी दुपारी आणून दिलेलं शुक्रवारचं. रविवारचं तुम्ही फोटो काढून त्याला पाठवलं होतं, तेही त्याने फोनवर दाखवलं. मुलीबरोबर पाठवलेलं अजून यायचं आहे. आज एक शिक्षक ऑकलंडला निघालेत, त्यांच्या हाती हे देतो.

मशीन मी सोमवारी सकाळी भरलं.

तुम्ही काळजीत असाल म्हणून आधी हे लिहितो, की सगळे जिवंत आहेत. आई बरी आहे. आता जे झालं ते सांगतो.

मी पान उघडलं. पुढे ठेवून एकेक ओळ वाचत गेलो. इशारा नव्हता. पूर्वी तिथे इशारा होता हे मला माहीत होतं, तो मीच लिहिला होता. नोव्हेंबरमध्ये तुम्ही आतलं वेष्टन काढलेलंही मी पाहिलं होतं, आणि तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण सोमवारी ते पान बघून मी असा विचार केला, की लुपेने काढलाय म्हणजे तो धोकाच आता राहिला नसेल. प्रोग्राम सुधारला असेल. इतका मोठा इशारा ती कारणाशिवाय काढायची नाही. मी हुकूम दिला. मशीन छान सुरू झालं. नर्स टाळ्या वाजवत होत्या.

फेब्रुवारीनंतरचं काही त्यात नव्हतं.

ते दुपारी लक्षात आलं. तेव्हापासून मी आणि नर्स घरोघर फिरतोय, लोकांचे गोळ्यांचे डबे बघून पुन्हा नोंदी करतोय. चर्चमध्ये सांगून सगळ्यांना डबे आणायला लावले. अजून पाच-सहा घरं राहिलीत.

पण आईला सोमवारी सकाळीच इंजेक्शन दिलं गेलं होतं, मशीन सुरू झाल्या झाल्या. पडद्यावर जुना आकडा होता. आई म्हणाली, एवढं नाही गं, आता कमी केलंय. नर्स म्हणाली, मावशी, कॉम्प्युटरवर लिहिलंय, केलेपीने आत्ताच नीट केलंय. आई गप्प बसली. माझं नाव ऐकून गप्प बसली. घरी येऊन स्वयंपाकघरात कोसळली. सिनीवाने साखरेचं पाणी पाजलं, मी पाठ धरून बसलो होतो. तिला मला ओळखायलाही बराच वेळ लागला. संध्याकाळी उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते नर्सला शिवी. तेव्हा मी बाहेर जाऊन रडलो.

ही चूक तुमची एकटीची नाही. मला माहीत होतं आणि मी उठून निघून गेलो. तुम्ही मोठ्या म्हणून गप्प बसलो, आणि माझ्यावर विश्वास म्हणून आई गप्प बसली.

तुम्ही लिहिलंत, नाही म्हण. पत्र वाचून सिनीवा म्हणाली, आता हुकूमच आहे, बस लिहायला. मंगळवारपासून लिहितोय. हे पत्र मी केबल जोडली गेली की लिस्टवरही जसंच्या तसं टाकणार आहे, बार्नबी आणि सगळे वाचतील असं.

नाही, लुपे. माझी तुमच्या पॅचला हरकत आहे. नुसती आतली वेष्टनं परत घालून भागणार नाही, बाकीही चुका आहेत, त्या सोबतच्या कागदावर लिहिल्यात. सगळा मागे घ्या आणि या वेळी साधं मॅन्युअलही तपासा.

हे वाक्य जमेपर्यंतच्या सगळ्या कागदांवर 'माफ करा' लिहिलं गेलं होतं. ते कागद सिनीवाने चुलीत घातले.

केलेपी